अंगण खरोखरच वाकडे असते तेव्हा

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आम्ही गेली तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. आपले उणे झाकण्यासाठी साधनाला नावे ठेवू नयेत, असा उपदेशही तिच्या जोडीने न चुकता करीत आलो आहोत. परंतु या म्हणीला दुसरी बाजू आहे, आणि ती ध्यानात येण्यास आम्हांला वयाची पन्नाशी ओलांडावी लागली. अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते. अशा वेळी दोष अंगणाचा की पावलाचा, हे ठरवावयाचे कसे? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला एका सूक्ष्मदर्शकाने दिले. आणि खरे सांगावयाचे तर आमच्याच एका विद्यार्थिनीने दिले.

आम्ही मराठीचे एम. ए. विज्ञानाशी आमचा संबंध शाळेच्या वेळापत्रकापुरता. सुमारे चौदा वर्षांपूर्वी इंदुरातील ज्या शासकीय विद्यालयात आम्ही शिकवीत होतो, तेथील विज्ञानाच्या शिक्षिका काही दिवस रजेवर होत्या आणि नववीच्या प्रात्यक्षिकाचा तास आमच्याकडे आला. कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून त्याच्या पेशी पाहावयाच्या आणि वहीत आकृती काढावयाची, एवढेच काम होते. एका मुलीने मोठ्या निगुतीने आकृती काढली होती. वर्तुळाच्या मध्यभागी विटा रचाव्यात तशा पेशी, साध्या पेन्सिलीने रेखाटलेल्या. पण वर्तुळाच्या कडेकडे येताच तिने प्रत्येक पेशीच्या भिंतीला एका अंगाने तांबडी आणि दुसऱ्या अंगाने निळी अशी बारीक किनार दिली होती. नऊवारीच्या काठासारखे ते दिसत होते. आम्ही तांबड्या शाईने शेरा मारला : 'असे रंग नसतात. पुस्तकातील आकृती पाहून पुन्हा काढणे.' मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वही आली तेव्हा आकृती पुस्तकातल्यासारखी होती. आम्ही समाधानाने सही केली.

हा प्रसंग आम्ही विसरूनही गेलो होतो.

काळोखातील दिवे

मागील वर्षी एका लग्नकार्यासाठी आम्ही सहकुटुंब पुण्यास गेलो होतो. ती मुलगी आता तेथील एका संशोधनसंस्थेत जीवशास्त्राचे संशोधन करीत आहे. लग्नघरी तिची गाठ पडली आणि तिने आग्रहाने आपली प्रयोगशाळा पाहावयास नेले. एका लहानशा अंधाऱ्या खोलीत तिने आम्हांला यंत्रापुढे बसविले. डोळा लावला, आणि क्षणभर दिवाळीच्या रात्री उंच गच्चीवरून शहर पाहावे तसे वाटले. काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरव्या तंतूंची जाळी पसरली होती आणि तिच्यात तांबडे ठिपके चमकत होते. ती एक जिवंत पेशी होती.

आपल्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात वस्तूच्या खालून प्रकाश येतो आणि त्या उजेडात आपण वस्तूची छाया पाहतो. येथे प्रकार उलटा. येथे वस्तू स्वतःच उजळते. काही पदार्थांवर निळा अथवा अतिनील प्रकाश पडला, की ते तो शोषून घेतात आणि त्याऐवजी हिरवा, पिवळा किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. याला अनुस्फुरण म्हणतात. त्याचा अनुभव आपल्या घरातही घेता येतो. बँकेत नोट तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली नोटेवरील अंक झळकू लागतात ते यामुळेच. त्याच दिव्याखाली हळद धरली तर तीही पिवळसर हिरवी उजळते. केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली या घटनेचा सखोल अभ्यास केला आणि बाहेर पडणारा प्रकाश शोषलेल्या प्रकाशापेक्षा अधिक लांब लहरींचा असतो, हा नियम सांगितला. फ्ल्युओरस्पार नावाच्या खनिजात हा गुण दिसतो, म्हणून त्याच्या नावावरून त्यांनी या घटनेला 'फ्ल्युओरेसन्स' असे नाव दिले. या खनिजाची पुन्हा गाठ पडणार आहे. वाचकांनी ते नाव लक्षात ठेवावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील कारखान्यांत या तत्त्वावरचे पहिले सूक्ष्मदर्शक तयार झाले. १९४१ साली अमेरिकेत आल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरातील प्रतिपिंडांना असा उजळणारा रंग जोडून दाखविला. प्रतिपिंड आपल्या नेमक्या शत्रूला जाऊन चिकटते. तेव्हा त्याच्या हाती कंदील दिला की शत्रू कोठे दडला आहे ते दिसणारच. १९६२ साली ओसामु शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून हिरवे उजळणारे प्रथिन वेगळे केले, आणि १९९४ साली मार्टिन चाल्फी यांनी त्या प्रथिनाचा जनुक दुसऱ्या जिवांत घालून त्यांच्या पेशी जिवंतपणी उजळून दाखविल्या. २००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना, रॉजर चेन यांच्यासह, मिळाले.

यंत्राची रचना मोठी चतुर आहे. निळा प्रकाश वरून, वस्तूजवळच्या भिंगातूनच खाली सोडतात आणि वस्तूने परत पाठविलेला हिरवा प्रकाश त्याच भिंगातून वर येतो. मध्ये तिरपा बसविलेला एक द्विवर्णी आरसा निळ्याला परावर्तित करून खाली पाठवितो आणि हिरव्याला आरपार जाऊ देतो. नेदरलंड्सचे योहान प्लोम यांच्या १९६७ च्या सुमाराच्या कामामुळे ही रचना सर्वत्र रूढ झाली. वाड्याच्या देवडीवर बसलेला चाणाक्ष पहारेकरीच म्हणावा. मात्र वर येणारा हा प्रकाश अतिशय क्षीण असतो. म्हणून भिंगात जराही दोष असला, तर तो क्षीण प्रकाश एका बिंदूवर जमण्याऐवजी आजूबाजूला सांडतो. दिवा मंद आणि त्यात काच काजळलेली, अशी गत होते.

किरणांची चुकलेली वाट

एका बिंदूतून निघालेले सर्व किरण भिंगातून जाऊन पुन्हा एकाच बिंदूत मिळावेत, ही भिंगाकडून आपली अपेक्षा. ते तसे न मिळता इकडे तिकडे गेले, तर त्या दोषाला विपथन म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सरळ आहे : वाट चुकणे. वाट चुकण्याचे प्रकार मुख्यतः तीन-चार.

पहिला गोलीय विपथनाचा. भिंगाच्या कडेतून गेलेले किरण आणि मध्यातून गेलेले किरण वेगवेगळ्या अंतरांवर मिळतात. पंगतीचे आमंत्रण एकच, पण निम्मे पाहुणे एका मंगल कार्यालयात आणि निम्मे पुढच्या चौकातल्या कार्यालयात जाऊन बसावेत, तसा हा प्रकार. परिणामी चित्रावर एक दुधट धुके पसरते आणि केंद्र कितीही जुळविले तरी चित्र 'आता लागले' असे वाटतच नाही.

गमतीची गोष्ट ही, की पुष्कळदा येथे भिंगाचा काहीच अपराध नसतो. पाहावयाच्या वस्तूवर आपण पातळ काचेचा तुकडा, म्हणजे कव्हर स्लिप, ठेवतो. ही काचसुद्धा किरणांची दिशा बदलते. म्हणून भिंग घडविणारे कारागीर तिचा हिशेब आधीच धरून ठेवतात. आज हा हिशेब ०.१७ मिलिमीटर जाडीचा आहे. वस्तुभिंगाच्या अंगावर हा आकडा बहुधा कोरलेलाच असतो. बाजारात मिळणाऱ्या कव्हर स्लिपांपैकी 'एक क्रमांका'ची काच सुमारे ०.१३ ते ०.१६ मिलिमीटर जाड असते आणि 'दीड क्रमांका'ची सुमारे ०.१६ ते ०.१९. हा फरक आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी. परंतु प्रबळ कोरड्या वस्तुभिंगाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक जाणवतो. लंडनचे अँड्र्यू रॉस यांच्या लक्षात हे १८३७ च्या सुमारास आले आणि त्यांनी भिंगाला एक फिरते कडे बसविले. कडे फिरविले, की आतील भिंगांमधले अंतर बदलते आणि काचेच्या जाडीची भरपाई होते. आजही चांगल्या वस्तुभिंगांवर असे कडे असते. पण पुष्कळ जण ते कधी फिरवीतच नाहीत!

तेलाची कथाही अशीच. काचेतून हवेत येताना किरण वाकतो. म्हणून एर्न्स्ट आबे यांनी १८७८ साली काच आणि भिंग यांच्यामध्ये काचेच्याच तोडीचा अपवर्तनांक असलेले तेल घालण्याची पद्धत प्रचारात आणली. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२, तेलाचाही तेवढाच. तेव्हा किरणाला सीमा ओलांडल्याचे कळतच नाही. पण जिवंत पेशी पाण्यात असते आणि पाण्याचा अपवर्तनांक १.३३. तेलाचे भिंग घेऊन पाण्यातील वस्तूत खोल पाहू लागले, की दहा-वीस मायक्रॉनच्या पुढे चित्र बिघडू लागते आणि प्रकाशही मंदावतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. येथेच मोठा धोका आहे. खोलवरच्या पेशी मंद दिसतात आणि संशोधक लिहून मोकळा होतो, की खोलवर अमुक प्रथिन कमी आहे. प्रत्यक्षात कमी झालेले असते ते भिंगाचे सामर्थ्य! यावर उपाय म्हणजे पाण्यातच बुडविण्याचे वस्तुभिंग वापरणे.

या दोषाने मोठमोठ्यांना चकविले आहे. १९९० साली अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीची चित्रे धूसर येऊ लागली, तेव्हा तिच्या मुख्य आरशाची कड २.२ मायक्रॉनने अधिक सपाट घासली गेल्याचे उघडकीस आले. आरसा घासणाऱ्यांचे कौशल्य निर्दोष होते. तो तपासण्याच्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. चुकीच्या मापाने अचूक घासलेला आरसा! १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जाऊन त्या दुर्बिणीला जणू चष्मा चढविला.

दुसरा दोष वर्णीय विपथनाचा. भिंग निळ्या प्रकाशाला अधिक वाकविते, तांबड्याला कमी; त्यामुळे प्रत्येक रंगाचे चित्र थोड्या वेगळ्या जागी आणि थोड्या वेगळ्या आकाराचे उमटते. न्यूटनला हा दोष अटळ वाटला, म्हणून त्याने भिंगांचा नाद सोडून आरशाची दुर्बीण बनविली. पुढे दोन जातींच्या काचा जोडून हा दोष बराच घालविता येतो असे दिसून आले आणि १७५८ साली लंडनच्या जॉन डॉलंड यांनी अशा भिंगाचे एकस्व घेतले. सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत खरी वाट दाखविली ती जोसेफ जॅक्सन लिस्टर या मद्याच्या व्यापाऱ्याने. भिंगांच्या अशा जोड्या किती अंतरावर ठेवल्या म्हणजे एकीचा दोष दुसरी खाऊन टाकील, हे त्यांनी १८३० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर रूढ करणारे विख्यात शल्यविशारद लिस्टर हे त्यांचेच चिरंजीव. पित्याने सूक्ष्म जग नीट दाखविले आणि पुत्राने त्यातील शत्रूंशी लढाई केली.

त्यानंतर आबे यांनी १८८६ साली तीन रंगांना एकत्र आणणारी भिंगे सिद्ध केली. त्यासाठी त्यांनी जे स्फटिक वापरले ते कशाचे असावेत? त्याच फ्ल्युओरस्पारचे! ज्या खनिजाने अनुस्फुरणाला नाव दिले, त्यानेच भिंगातील रंगदोष घालविण्यास मदत केली. आमच्या बडोद्याकडील वाचकांना हे वाचून विशेष वाटेल, कारण पूर्वी बडोदे जिल्ह्यात मोडणाऱ्या आणि आता छोटा उदेपूर जिल्ह्यात असलेल्या आंबाडुंगरच्या टेकड्यांत या खनिजाचे मोठे साठे आहेत.

उरलेल्या दोषांपैकी एकाची आपल्यातील पुष्कळांना घरोबाने ओळख आहे. चष्म्याच्या चिठ्ठीवर 'सिलिंड्रिकल' नंबर लिहिलेला असतो तोच हा. उभ्या आणि आडव्या दिशेचे किरण वेगवेगळ्या ठिकाणी जुळतात, म्हणून गोल ठिपका लांबट दिसतो. दुसऱ्याला 'कोमा' म्हणतात. त्यात ठिपक्याला धूमकेतूसारखे शेपूट फुटते. कव्हर स्लिप तिरपी बसली, तरी हे शेपूट हमखास दिसते.

'सर, आधी सोपे प्रश्न'

'एवढे सगळे दोष! मग चित्र बिघडले की सुरुवात करायची कोठून?' आम्ही विचारले.

'सर, आधी सोपे प्रश्न विचारायचे,' ती म्हणाली. 'अवघड कारणे शोधायला सगळ्यांना आवडते. पण दहांपैकी आठ वेळा कारण सोपेच निघते.'

तिने सांगितलेली रीत आम्ही वहीत उतरवून घेतली. ती शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनाही उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

प्रथम भिंगाचे तोंड पाहावे. शंभरपटीच्या भिंगासाठी काचपट्टीवर तेल घातलेले असते. ती तशीच ठेवून कोणी चाळीसपटीचे भिंग फिरवून आणले, की त्या कोरड्या भिंगाचे तोंड तेलाने माखते. वाळलेले तेल डोळ्यांना दिसत नाही, मात्र चित्र धुक्यात जाते. नेत्रभिंग काढून उलटे धरले, की ते उत्तम बहिर्गोल भिंगाचे काम देते. त्यातून वस्तुभिंगाचे तोंड तपासता येते. पुसावयाचे ते भिंगासाठी मिळणाऱ्या मऊ कागदानेच. सदऱ्याच्या टोकाने अथवा ओढणीच्या पदराने नव्हे!

नंतर काचपट्टी पाहावी. ती उलटी तर ठेवलेली नाही? उलटी असली, तर ०.१७ मिलिमीटरच्या काचेऐवजी एक मिलिमीटर जाडीची काच मध्ये येते. कमी वर्धनात चित्र ठीक दिसते, पण मोठे भिंग लावताच ते जुळतच नाही. मग कव्हर स्लिपची जाडी पाहावी; ती एक आहे की चुकून दोन चिकटून आल्या आहेत, तेही पाहावे. तेलात बुडबुडा आहे काय? दोन कंपन्यांची तेले एकमेकांत मिसळली आहेत काय? खोली तापली आहे काय? कारण उष्णतेने तेलाचा अपवर्तनांक उतरतो.

एवढ्यावरही दोष राहिला, तर मग परीक्षक बोलवावा. हा परीक्षक म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी, म्हणजे ०.१ मायक्रॉनची, उजळणारी प्लास्टिकची गोळी. ती इतकी लहान, की तिचा स्वतःचा आकार यंत्राला दिसूच शकत नाही; जे दिसते तो यंत्राचा स्वभाव. केंद्र थोडे वर आणि थोडे खाली सरकवून तिच्याकडे पाहावे. दोन्ही बाजूंना सारखीच वर्तुळे उमलली, तर सर्व ठीक. एका बाजूला स्पष्ट वर्तुळे आणि दुसऱ्या बाजूला नुसते धुके दिसले, तर गोलीय विपथन. कडे फिरवावे अथवा काच बदलावी. वर सरकविल्यावर ठिपका आडवा आणि खाली सरकविल्यावर उभा झाला, तर सिलिंड्रिकल नंबरासारखा दोष. आरसा चौकटीत फार घट्ट आवळल्याने वाकला, तरी हा दोष येतो. शेपूट दिसले, तर प्रथम काचपट्टी सपाट बसली आहे की नाही ते पाहावे.

'आणि एक नियम कधी मोडायचा नाही, सर,' ती म्हणाली. 'एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि चित्र सुधारले, तर गुण कोणाचा हे कळतच नाही.'

या सर्व खटाटोपामागचे मुख्य सूत्र तिने एका वाक्यात सांगितले. काचपट्टी फिरवून पाहावी. जे काचपट्टीबरोबर फिरते ते वस्तूचे. जे जागच्या जागी राहते ते यंत्राचे.

हिरवा आणि तांबडा

हा प्रश्न केवळ चित्र सुंदर येण्याचा नाही. तिच्याच कामातील प्रसंग तिने सांगितला. पेशीतील एका प्रथिनाला तिने हिरवा दिवा लावला होता आणि दुसऱ्याला तांबडा. ही दोन प्रथिने एकत्र राहतात की शेजारी शेजारी, हा संशोधनाचा मुद्दा. चित्रे आली, प्रत्येक हिरव्या ठिपक्याच्या उजव्या अंगाला किंचित अंतरावर तांबडा ठिपका. म्हणजे ती वेगळी राहतात! प्रयोगशाळेत आनंद झाला, निबंधाचा मसुदाही सुरू झाला.

पण तिच्या मनात एक शंका राहून राहून येऊ लागली. पेशी काचेवर वाटेल त्या दिशेने पडलेल्या असतात. कोणी उभी, कोणी आडवी. मग तांबडा ठिपका सगळ्यांच्याच उजवीकडे कसा? पेशींना काय उजवे-डावे कळते? तिने काचपट्टी पाव फेरा फिरविली. पेशी फिरल्या, पण तांबडे ठिपके पुन्हा उजवीकडेच! मग तिने एकाच गोळीत दोन्ही रंग भरलेल्या परीक्षक गोळ्या घेतल्या. तेथे तर हिरवा आणि तांबडा एकाच जागी असणार, यात शंकाच नव्हती. परंतु यंत्राने तेथेही तांबडा उजवीकडे सरकवून दाखविला. रंगांसाठी बदलावयाच्या गाळण्यांपैकी एकीची काच अगदी किंचित पाचरीसारखी होती आणि ती चित्र एका बाजूला ढकलीत होती. गोळ्यांवरून नेमके अंतर मोजून तेवढी चित्रे मागे सरकविली, तेव्हा हिरवा आणि तांबडा एकमेकांवर येऊन बसले. निष्कर्ष नेमका उलटा झाला. मसुदा फाडावा लागला.

'वाईट वाटले असेल,' आम्ही म्हणालो.

'वाटले, सर. सहा महिन्यांचे काम होते. पण छापून आल्यावर कळले असते तर?'

आमच्या मनात तेव्हा क्षयाच्या रुग्णांचा विचार आला. थुंकीत क्षयाचे जंतू शोधण्यासाठी ऑरामिन हा उजळणारा रंग वापरतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या बारीक काड्या दिसल्या, की रोगाचे निदान होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली या तपासणीसाठी एलईडी दिव्याच्या सूक्ष्मदर्शकांची शिफारस केली, आणि आता रेणवीय चाचण्या पुढे आल्या असल्या तरी ही तपासणी संपलेली नाही. थुंकीच्या अशा काचपट्टीवर सहसा कव्हर स्लिप नसते. आणि ०.१७ मिलिमीटरच्या काचेसाठी घडविलेले चाळीसपटीचे भिंग तेथे वापरले, तर त्या बारीक काड्या मंद आणि पसरट दिसतात. त्यासाठी काचेविना पाहण्याचे भिंग निराळे मिळते, त्यावर ०.१७ ऐवजी शून्य कोरलेले असते. भिंगावरच्या एवढ्याशा आकड्याकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत एखाद्या रुग्णाला मोजावी लागू शकते.

विज्ञान मात्र याहून पुढे गेले आहे. ताऱ्यांची थरथर घालविण्यासाठी वेळोवेळी आपला आकार बदलणारा आरसा वापरावा, ही कल्पना अमेरिकन ज्योतिषशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली मांडली. या शतकात तसे आरसे सूक्ष्मदर्शकातही आले, आणि जाड ऊतींनी वाकविलेले किरण ते उलट वाकून सरळ करतात. गणकयंत्रेही चित्रातील धुके पुष्कळसे दूर करतात. पण दोष काय आहे हे आधी ओळखले, तरच हे उपाय चालतात.

खोडलेली किनार

निघताना आम्ही सहज म्हणालो, 'भिंगामुळे हिरवा आणि तांबडा वेगळे दिसतात, हे तुला सुचले तरी कसे?'

ती थोडी घुटमळली आणि हसून म्हणाली, 'सर, नववीत मी कांद्याच्या पेशींना तांबडी-निळी किनार काढली होती. तुम्ही शेरा मारला होता.'

आम्हांला सर्व आठवले. आणि आता त्या किनारीचा अर्थही कळला. वर्तुळाच्या मध्यभागी रंग नाहीत, कडेला आहेत; एका अंगाला तांबडा, दुसऱ्या अंगाला निळा. हे वर्णीय विपथनाचे नेमके लक्षण होते. चौदा वर्षांच्या मुलीने आमच्या शाळेच्या यंत्राचा दोष बिनचूक टिपला होता आणि आम्ही तो तिचा दोष मानला होता. आमचा शेरा अर्धा खरा होता. कांद्याला असे रंग नसतात. पण तिला ते दिसले होते, हेही तितकेच खरे होते.

'त्या दिवशी तू का बोलली नाहीस?'

'तुम्ही म्हणालात म्हणजे माझेच चुकले असणार, असे वाटले. मी ते रंग खोडून टाकले. हिरव्या-तांबड्याच्या वेळी तेच आठवले, सर. म्हटले, आता खोडायचे नाही. आधी फिरवून पाहायचे.'

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले. कावीळ झालेल्याला सगळे जग पिवळे दिसते म्हणतात. आमची कावीळ पुस्तकाची होती. मुलांच्या वह्यांतील किती किनारी आम्ही अशा तांबड्या शाईने पुसल्या असतील, कोण जाणे! ती काचपट्टी थोडी सरकवून बघ, कडेची पेशी मध्यभागी आण आणि रंग राहतो की जातो ते पाहा, एवढेच म्हटले असते, तर त्या तासाला अर्ध्या मिनिटात सगळा उलगडा झाला असता. कांदा की भिंग, हे त्या मुलीनेच आम्हांला सांगितले असते.

आज आम्ही मुख्याध्यापक आहोत. सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक कपाटातून काढविले. 'चाळीसपटीचे भिंग बिघडले आहे' असे म्हणून त्याला वर्षानुवर्षे कोणी हात लावीत नसे. नेत्रभिंग उलटे धरून पाहिले. तोंडावर वाळलेल्या तेलाचा थर. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो हलक्या हाताने पुसला आणि भिंग बोलू लागले. यंत्र बिघडलेले नव्हतेच.

कडेचे रंग मात्र गेले नाहीत; साध्या भिंगात ते राहणारच. म्हणून प्रात्यक्षिकाच्या वहीत आता आकृतीखाली दोन ओळी रिकाम्या ठेवावयास आम्ही सांगितले आहे. पहिल्या ओळीत 'मला काय दिसले', आणि दुसऱ्या ओळीत 'काचपट्टी फिरवल्यावर काय झाले'. तांबड्या शाईचा शेरा मारण्याआधी या दोन ओळी वाचाव्यात, असा नियम शिक्षकांसाठीही केला आहे. तो प्रथम आम्हांलाच लागू आहे.